तवा बंद, विळी बंद

नागपंचमीला कोकणातल्या घरोघरी विळी उचलून कोपऱ्यात ठेवलेली असते. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही. शेतात नांगर नाही, कुदळ नाही. शेतकऱ्याच्या फाळाखाली नागाची पिल्लं सापडली आणि नागीण सूड घ्यायला निघाली, ही कहाणी आपण सगळ्यांनी ऐकलेली. आता स्वयंपाकघरातून विळी, तवा आणि कढई एकदम काढून घेतली तर बाईच्या हाताशी उरतं काय? एक भांडं, पाणी आणि वाफ. त्या वाफेतून पातोळी आली, घाटावर पुरणाची दिंडं आली. सणाला गोड काय करायचं हे आधी ठरलं आणि नियम मागून आला, असं मला वाटत नाही. नियम आधी आला आणि त्याने उघड्या ठेवलेल्या एका दारातून पदार्थ बाहेर पडला.

जगभरातल्या सणांचं खाणं मी बरीच वर्षं हौसेने वाचते, जमेल ते करून बघते. जिथे जिथे एखादा गोड पदार्थ शतकानुशतकं टिकून राहिलेला दिसतो, तिथे थोडं खणलं की खाली एक ‘नको’ सापडतं. हे खायचं नाही, हे पेटवायचं नाही, याला हात लावायचा नाही. सणाचं गोडधोड म्हटलं की आपल्याला सुबत्ता आठवते. मला मात्र त्यातली अडवणूक जास्त मोलाची वाटते, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही म्हणून हा लेख.

पातोळी आधी नीट सांगते, कारण ती घाईत सांगायची गोष्ट नाही. हळदीची पानं सकाळी ओली असतानाच काढून आणायची आणि फडक्याने हलक्या हाताने पुसायची. तांदळाचं पीठ मिठाची कणी घालून पाण्यात कालवायचं. पानावर थापलं की ओघळणार नाही आणि बोट फिरवलं की अडणार नाही, इतपत. पीठ पानाच्या कडेपर्यंत बोटांनी पातळ पसरायचं. जाड राहिलं तर पातोळी चिवट होते, तिला मग कितीही तूप वाढा. अर्ध्या भागावर गूळ-खोबऱ्याचं सारण ठेवायचं. त्यासाठी नारळ आदल्या रात्रीच खवून ठेवलेला असतो, कारण खोवणी विळीलाच असते आणि विळी तर सकाळपासून सुट्टीवर. मग पान मधल्या शिरेवर उभं दुमडून चाळणीत रचायचं. वाफ धरली की पहिल्या पाच मिनिटांतच घरभर तो वास सुटतो. पान काळपट हिरवं झालं की उतरवायचं. अगदी गरम असताना सोलायला गेलं तर पीठ पानाला चिकटून येतं, पार गार झाल्यावर सोललं तर पातोळी तुटते. मधल्या वेळी सोललेल्या पातोळीवर पानाची शीर न् शीर उमटलेली असते.

हीच पातोळी गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत 15 ऑगस्टला, मारिया मातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला होते. नाग नाही, विळीवर बंदी नाही, तरी पान तेच आणि सारणही तेच. दोन्ही सण हळदीच्या पानांच्या हंगामात येतात, एवढं कारण मला पुरतं. दूर कोरियात शरदातल्या पौर्णिमेच्या सुमारास, चुसॉकला, तांदळाच्या उकडीत तीळ किंवा डाळींचं गोड सारण भरून अर्धचंद्रासारखे सोंगप्योन वळतात आणि ते पाइनच्या सुयांवर उकडतात. सुया असल्या की एकमेकांना चिकटत नाहीत आणि पाइनचा वासही लागतो. ते वाचलं तेव्हा मला आजीची चाळण आठवली. तिच्याकडे हळदीची पानं कमी पडली की ती केळीचं पान घ्यायची, पण मग दोनचार हळदीची पानं फाडून तळाशी घालायचीच.

श्रावण हा आमच्यासारख्या मासेखाऊ लोकांसाठी मोठाच ‘नको’. त्याच्या आधीच समुद्र बंद झालेला असतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी, म्हणजे ताजं म्हावरं तसंही दुर्मीळ. वर श्रावण पाळायचा. आता कोकणी घरात नारळ वर्षभर कुठे जातो? कालवणाच्या वाटणात. ते वाटणच महिनाभर थांबलं की नारळ मोकळा होतो आणि गुळाकडे वळतो. पातोळ्या, नारळीभात, करंज्या आणि श्रावण सरताच मोदक. आमच्याकडे नारळाचे गोड पदार्थ पावसाळ्यात इतके दाटीने का येतात, याचं मला पटलेलं उत्तर हेच आहे. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात तेव्हा होड्या परत निघायची वेळ झालेली असते, आणि लवकरच नारळ पुन्हा कालवणात परततो.

युरोपातल्या ख्रिस्ती लोकांचे उपवास आपल्या श्रावणाहून कडक होते. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस आणि एके काळी नाताळच्या आधीही मांस नाही, लोणी नाही, दूध नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा नाताळातला श्टोलन हा पाव आज लोणी, मनुका, बदाम आणि साखरेने इतका जड असतो की पातळ काप खाल्ला तरी पोट भरतं. पण मुळात तो पीठ, पाणी आणि तेलाचा रुक्ष उपासाचा पाव होता. सॅक्सनीत चांगलं तेल मिळायचं नाही. तिथल्या राज्यकर्त्यांनी पोपकडे लोण्याची परवानगी मागितली, एका पोपने ती नाकारली, आणि अखेर 1491 साली आठव्या इनोसंट पोपने पत्र धाडून ती दिली. फुकट नाही, बदल्यात धर्मकार्यासाठी पैसे भरायचे. ते पत्र ‘लोण्याचं पत्र’ म्हणूनच ओळखलं जातं. एका पावात लोणी घालता यावं म्हणून पिढ्या बदलेपर्यंत अर्ज करत राहणारी माणसं मला फार जवळची वाटतात. लोणी आयतं मिळालं असतं तर त्यांनी ते इतकं जपलं असतं का, कोण जाणे. लंडनमध्ये याच्या उलटी गोष्ट घडली. तिथे 1592 साली हुकूम निघाला की मसाल्याचे गोड बन फक्त गुड फ्रायडे, नाताळ आणि अंत्यविधीलाच विकायचे. पोटाला सहज मिळणारी वस्तू सणापुरती बांधली गेली आणि ती अजूनही त्या शुक्रवारची म्हणूनच खाल्ली जाते.

स्वीडनचा सेमला तर उपवासाच्या उंबऱ्यावरचाच. चाळीस दिवसांचा उपास सुरू होण्याआधीचा मंगळवार, घरातलं दूध-लोणी-अंडी संपवायचा शेवटचा दिवस. वेलदोड्याचा गोल बन घ्यायचा, वरची टोपी कापायची, आत बदामाचा लगदा आणि फेटलेली साय भरायची आणि टोपी परत बसवायची. पूर्वी तो गरम दुधात बुडवून खायचे. 1771 च्या त्याच मंगळवारी राजा अडॉल्फ फ्रेडरिक भरपेट मेजवानीनंतर सेमले खाऊन मरण पावला, ही गोष्ट तिथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. रचना पाहिली तर हे गोड सँडविचच: खाली पाव, वर पाव, मध्ये सारण. त्याच देशात समारंभाला पावाचे थर रचून, मध्ये कोळंबी, अंडी आणि मेयोनेझ भरून, वरून केकसारखं सजवलेलं तिखटमिठाचं सँडविचही कापतात. ते दिसतं देखणं, पण सेमल्यात जी मंगळवारची निकड आहे ती त्यात मला दिसत नाही.

सँडविचचा विषय निघाला की सगळे अर्ल ऑफ सँडविच या इंग्रज उमरावाचं नाव घेतात, अठराव्या शतकातल्या. माझं मन मात्र अलिबागच्या इस्रायल आळीत जातं. माझं माहेर त्या तालुक्यातलं. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले यहुदी लोक, अलिबाग-रेवदंड्याच्या या पट्ट्यात शेकडो वर्षं राहिले. नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं, असं ते सांगत आले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. किहीमकर, पेणकर, आवासकर अशी गावांची आडनावं, घरात मराठी, बायकांची नऊवारी. त्यांच्या वल्हांडणाच्या सणात आठवडाभर आंबवलेलं काही खायचं नाही. मिसरमधून गुलामी तोडून निघालेल्या पूर्वजांना कणीक फुगायला वेळ मिळाला नव्हता, त्याची आठवण. म्हणून मात्सा, ही न आंबवलेली पातळ रोटी. पिठाला पाणी लागल्यापासून भाजून होईपर्यंत 18 मिनिटांच्या आत काम संपलं पाहिजे, नाहीतर ते आंबलं असं धरतात.

आणि वल्हांडणाच्या पहिल्या रात्रीच्या जेवणात एक घास ठरलेला असतो. दोन मात्सांच्या मध्ये कडू पाला, बहुतेक घरांत सोबत गोड लगदाही. आमच्या बेने इस्रायलींकडे तो लगदा खजुराचा. या घासाला कोरेख म्हणतात. जेरुसलेममध्ये मंदिर उभं होतं तेव्हा, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी, हिल्लेल नावाचे धर्मगुरू बळीच्या कोकराचं मांस, मात्सा आणि कडू पाला एकत्र करून खात. ते वेगवेगळे न खाता एकत्र खावेत, असा त्यांचा धर्मग्रंथातल्या आज्ञेचा अर्थ होता. इसवी सन 70 मध्ये मंदिर पडलं, बळी थांबले, मांस त्या घासातून गेलं. घास राहिला. कडू आणि गोड एकाच वेळी दातांखाली आलं पाहिजे, असं बजावणारं हे सँडविच मला जगातल्या सगळ्या सँडविचांहून मोठं वाटतं. 1874 साली पुण्यात या रात्रीची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्यातल्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका मात्सा करताना दिसतात. कणकेवर झुकलेल्या त्या बायका आमच्याच गावच्या असाव्यात, इतक्या ओळखीच्या आहेत.

त्यांच्या नवीन वर्षाच्या सणातला चिकाचा हलवा मी लहानपणी शेजारी खाल्ला आहे. गहू भिजत घालून, वाटून, गाळून चीक काढायचा. आपण कुरडयांना काढतो तोच. मग त्यात साखर आणि नारळाचं दूध घालून मंद आचेवर ढवळत बसायचं. हात थांबला की तळ धरतो. शेजारच्या मावशी पाटावर बसून मोठ्या उलथन्याने घोटायच्या आणि आम्हा पोरांना सांगायच्या, ‘बडबड करा, पण भांड्यात वाकू नका, चटका बसेल.’ भांड्याची कड सोडून गोळा एकत्र फिरायला लागला की ताटात ओतायचा, वर बदामाचे काप, थंड झाला की वड्या. वडी उजेडाकडे धरली की आरपार तांबूस दिसायची. गाईचं दूध का नाही? कारण सणाच्या जेवणात मटण असणार, आणि मांस व दूध एका जेवणात चालत नाही हा त्यांचा पक्का नियम. मध्य युरोपातल्या यहुदी बाईला हाच नियम अडवायचा तेव्हा ती मधाकडे, सुक्या फळांकडे वळायची. अलिबागच्या बाईच्या परसात नारळ उभा होता. नियम जेरुसलेमचा आणि त्याचं उत्तर अलिबागच्या अष्टागरातलं. चिकाचा हलवा म्हटलं की मला हेच सगळ्यात आधी सांगावंसं वाटतं.

मलिदाही त्यांचाच. भिजवलेले पोहे, नारळाचा चव, साखर, वेलची, सुका मेवा, भोवती फळं. एलिया पैगंबराच्या नावाने, नवस फेडताना, लग्नाच्या आधी. चूल लागत नाही. आणि दिवाळीच्या पहाटे आमच्याकडे नव्या तांदळाचे गोडे पोहे होतात, त्यांच्याशेजारी मलिद्याचं ताट ठेवलं तर कुठलं कुठल्या घरचं हे पटकन ओळखू येणार नाही.

चूल न पेटवण्याची बंदी तर सगळीकडे. श्रावणातल्या शिळासप्तमीला आपण आदल्या दिवशीचं खातो. चीनमध्ये वसंतात थंड अन्नाचा सण होता, विस्तव अजिबात नाही. जिवंत जळून मेलेल्या एका निष्ठावंत सेवकाच्या आठवणीसाठी तो पाळायचे, असं सांगतात. आधी करून ठेवलेले आणि गार खाल्ले तरी मऊ राहणारे तांदळाचे हिरवे गोळे, आत गोड डाळ, त्या सणाशी जोडलेले आहेत. वसंतातल्या कोवळ्या पाल्याचा रस पिठात घालतात म्हणून हिरवे. ते आजही होतात, विस्तव मात्र आता सगळे पेटवतात.

सासरी, मालवणकडे आले तेव्हा मला सातकाप्या घावणाने चकित केलं. तव्यावर तांदळाचा घावन घालायचा, त्याच्या अर्ध्या भागावर गूळ-खोबऱ्याचं चून पसरायचं, दुसरा अर्धा त्यावर दुमडायचा. मोकळ्या झालेल्या अर्ध्या तव्यावर पुन्हा पीठ ओतायचं, ते धरलं की त्यावर चून, आणि आधीची घडी उचलून त्याच्यावर पालथी. असं करत सात थर. सासूबाई शेजारी उभ्या राहून एवढंच म्हणायच्या, ‘घाई करू नको गो, खालचो शिजू दे.’ घाई केली की मधला थर कच्चा राहतो आणि तो कापल्याशिवाय कळत नाही. गोव्याची बेबिंका याचीच श्रीमंत बहीण: नारळाचं दूध, अंड्यांचे बलक, साखर, तूप आणि थोडासा मैदा. एक थर वरून निखाऱ्यांच्या धगीवर भाजला की त्यावर पुढचा, असे सात किंवा त्याहून जास्त. जुन्या गोव्यातल्या मठातल्या जोगिणींनी ती पहिल्यांदा केली, अशी आख्यायिका आहे. वस्त्रांना खळ द्यायला अंड्यांचा पांढरा भाग जायचा, मग बलकांचं करायचं काय, म्हणून पोर्तुगीज मठांत बलकांचे गोड पदार्थ वाढले, असंही सांगतात. फिलिपिन्समध्ये 16 ते 24 डिसेंबर पहाटेच्या प्रार्थनेनंतर चर्चबाहेर जो बिबिंका मिळतो तो तांदूळ आणि नारळाच्या दुधाचा. केळीच्या पानावर ओतून, वर-खाली दोन्हीकडे निखारे ठेवून भाजतात. तो मी अजून खाल्लेला नाही. पण साहित्य वाचूनच मला खात्री आहे की आमच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही बाईच्या हाती ते दिलं तर ती न विचारता कामाला लागेल.

आता सगळं बारमाही मिळतं. पातोळ्या डब्यात, मोदक वर्षभर, नाताळचे केक दिवाळीच्या आकाशकंदिलांशेजारी. जे घरी करू शकत नाहीत त्यांना ते मिळावं, यात मला आनंदच आहे. माझ्या शेजारच्या आजींचे हात आता चालत नाहीत, त्यांना बचत गटाच्या बायकांनी आणून दिलेले मोदक म्हणजे मोठा आधार. मला काळजी वाटते ती वेगळी. आपण पुढच्या पिढीला कृती देतो आहोत आणि कारण गाळतो आहोत. ‘एक वाटी पीठ, दीड वाटी पाणी’ हे मोबाइलवर सापडतं. त्या दिवशी तवा का चढवत नाहीत हे सापडलं तरी ते आपल्या घराशी जोडून सांगायला घरातलंच माणूस लागतं. नाग दुखावेल म्हणून विळी ठेवावी, यावर माझा विश्वास नाही. पण पावसात बिळं भरून बाहेर आलेल्या जिवांसाठी माणसाने एक दिवस नांगर थांबवला, यावर आहे. म्हणून मी विळी ठेवते, आणि का ठेवते ते मुलांना सांगते.

सगळे नियम अडवणारेच असतात असंही नाही. मेक्सिकोतला एक मला अतिशय आवडतो. 6 जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, गोल कड्यासारखा गोड पाव करतात आणि त्यात बाळ येशूची छोटी बाहुली लपवतात. कापताना ती ज्याच्या तुकड्यात येईल त्याने 2 फेब्रुवारीला सगळ्यांना तमाली खाऊ घालायचे. म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून, कणसाच्या सालीत गुंडाळून उकडलेले. पुन्हा पान, पुन्हा वाफ. गोड तोंड केल्याची जबाबदारी महिन्याभराने फेडायची.

गेल्या गणपतीत मी घरात म्हटलं, आपणही एका मोदकात अख्खा बदाम लपवूया, ज्याला येईल त्याने गौरीच्या दिवशी सगळ्यांना घावन-घाटलं करून घालायचं. पुतणे लगेच तयार, कारण त्यांना वाटलं की करणार शेवटी काकीच. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि दुरुस्ती सुचवली: बदाम येईल त्याने करायचंच, पण घावन घालता येत नसेल तर निदान नारळ तरी सगळे त्यानेच फोडायचे आणि खवायचे. या वर्षापासून तसं ठरलं आहे. मोठ्या दिरांनी आत्तापासूनच खोवणीला धार लावून आणली आहे.